मैदानातला एक तास



हा अंक मुलांच्या खेळण्यावर काढायचं ठरलं तेव्हा बैठकीत एकीनं सरळ विचारलं, "खेळ हा आपला प्रश्न केव्हापासून झाला?" घरातली मारहाण, पोटगीच्या तारखा, पाणी, रेशन, कामाच्या जागी होणारा त्रास, एवढं सगळं पुढ्यात पडलेलं असताना धावण्यावर संपादकीय? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर बैठकीत पुरतं देता आलं नाही, कारण सात वाजले आणि निम्म्याजणी स्वयंपाकासाठी उठल्या. म्हणून इथे लिहिते आहे.

प्रस्ताव साधा आहे. शाळा सुटल्यावर, घराजवळच्या पालिकेच्या मैदानावर, आठवड्यातून तीन दिवस, एक तास, मुलामुलींचा धावण्याचा गट. निवड नाही, फी नाही. वाऱ्यासारखी पळणारी मुलगी येईल, जाडा म्हणून चिडवला जाणारा मुलगा येईल. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, जी कुबड्या घेऊन चालतात, चाकाच्या खुर्चीत बसतात, ज्यांना शिकायला जास्त वेळ लागतो, तीही येतील. धावायला काही लागत नाही असं म्हणतात. बॅट नको, जाळं नको, युनिफॉर्म नको. पण जागा लागते, मोकळा वेळ लागतो आणि मुलाला घेऊन येणारं माणूस लागतं. या तीन गोष्टी कुणाकडे असतात आणि कुणाकडे नसतात, एवढं पाहिलं तरी पुरे.

आधी जागेचं बोलू. लालबाग-परळच्या वाचकांना हे गणित वेगळं शिकवायला नको. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीचं राहिलं नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांतल्या ५८ व्या कलमानं गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे सांगितले: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाटे सगळ्या जमिनीचे न राहता फक्त बांधकामाबाहेर मोकळ्या पडलेल्या जागेचे झाले. प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये लोकांच्या बाजूनं कौल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. ज्या जमिनीवर आज आपल्या मुली धावल्या असत्या तिथे मॉल आणि टॉवर आहेत. त्यातल्या कित्येक टॉवरांना गाड्यांच्या मजल्यावर धावण्यासाठी रंगीत पट्टे आखलेले आहेत, आणि फाटकावर रखवालदार.

उरली नरे पार्क, कामगार मैदान, दादरचं शिवाजी पार्क अशी मोजकी मैदानं. तिथे मंडप पडतात, सभा होतात, आणि बाकीचे दिवस क्रिकेट. एकाच मैदानात एकमेकांत घुसलेले पाच-सहा सामने चालू असतात आणि खेळणारे जवळजवळ सगळे मुलगे. मुली कडेकडेनं चालतात. गिरगावात तर आणखी गंमत आहे. चाळीच्या गॅलरीत जागा नाही, गल्लीत गाड्या लावलेल्या, आणि दहा मिनिटांवर मरीन ड्राइव्हला हिंदू, इस्लाम आणि पारशी अशा तीन जिमखान्यांची हिरवीगार मैदानं. ती सभासदांसाठी. गिरगावच्या पोरांना चौपाटीची वाळू आहे. वाळूत चाकाची खुर्ची दोन हातसुद्धा जात नाही, हे ज्या आईनं ढकलून पाहिलं असेल तिला विचारा.

आता वेळ आणि माणूस. मुलगा खेळायला गेला तर तो नुसता जातो. मुलीला न्यावं लागतं, आणि अपंग मुलीला न्यावं, बसवावं, शौचाला नेऊन आणावं लागतं. हे सगळं आईच्या खात्यावर. साडेचार ते सहा ही वेळ बाईच्या दिवसात कुठे बसते ते आपण जाणतोच. कामावरून परतायची, पाणी भरायची, कणीक मळायची तीच वेळ.

(सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' असा शब्द आहे. माझ्या ओळखीच्या अनेकजणी स्वतःला अपंग म्हणवतात, दिव्य वगैरे काही नाही असं सांगतात. मी त्यांचाच शब्द वापरते आहे.)

अपंग मुलांसाठी या शहरात काहीच झालं नाही असं नाही. उलट या शहराचा इतिहास मोठा आहे, आणि त्यात बायका जागोजागी भेटतात. दुष्काळाच्या काळात, १९०० साली, अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली. तीच आजची दादरची कमला मेहता अंधशाळा, मुलींची. शिवडीची जय वकील शाळा १९४४ साली एका पारशी जोडप्यानं आपल्या मुलीसाठी स्वतःच्या घरात सुरू केली. १९७२ साली कुलाब्याला मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटीची पहिली शाळा उघडली, तिच्यामागेही त्यांची मुलगी मालिनी होती. म्हणजे दोन मोठ्या संस्था दोन मुलींपायी उभ्या राहिल्या. ज्या काळात मुलगी धडधाकट असली तरी ओझं मानत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

तरीही एक गोष्ट सुटून जाते. खास शाळा लांब असते. मूल बसनं जातं, बसनं येतं, आणि चार वाजता आपल्या चाळीत उतरतं तेव्हा तिथे त्याला नावानं हाक मारणारं एकही मूल नसतं. वर्षातून एकदा क्रीडा दिन होतो, पाहुणे येतात, बिल्ले लावतात, फोटो निघतात. उरलेल्या दिवसांची संध्याकाळ खिडकीत. माझं म्हणणं त्या संध्याकाळींबद्दल आहे.

हे होऊ शकतं याचा दाखला शिवाजी पार्कातच आहे. मैदानाच्या कडेला श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथे उदय देशपांडे यांनी वर्षानुवर्षं मल्लखांब शिकवला, आणि त्यात अंधशाळेतल्या मुलीही होत्या. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोरीच्या मल्लखांबावर न दिसणारी मुलगी वर चढते, पायाच्या बोटांत दोर पकडते, हात सोडून आसन करते, तेव्हा 'बिच्चारी' म्हणायला आलेल्या माणसाचं तोंड मिटतं. मल्लखांब हा पैलवानांचा, म्हणजे पुरुषांचा व्यायाम. तो मुलींच्या हातात आला आणि अंध मुलींच्याही आला. पण त्याला दोर, खांब, गाद्या आणि फार तरबेज शिक्षक लागतात. प्रत्येक वस्तीत ते जमणार नाही. धावणं जमेल.

कसं, ते थोडं सविस्तर लिहिते, कारण "आमच्यात कुणी तज्ज्ञ नाही" या वाक्याशी पुष्कळ गट थांबतात. अंतर ठरवायचं नाही, वेळ ठरवायची: दहा मिनिटं. त्यात जी दहा फेऱ्या मारेल ती दहा मारेल, जी एक मारेल ती एक. फेरी झाली की डब्यातून एक चिंचोका उचलायचा, मागच्या वेळेपेक्षा आपले किती झाले ते आपणच मोजायचं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी शिट्टीबरोबर रंगीत रुमाल खाली आणायचा. काही मुलांना अचानक बदल झेपत नाही, म्हणून जमायची जागा, क्रम आणि शेवटचा खेळ रोज तोच ठेवायचा. चाकाच्या खुर्चीला माती चालत नाही, तिची फेरी कडेच्या फरसबंद वाटेवरून. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचा वरचा सांधा काही वेळा सैल असतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांट्या नाहीत. फिट येणाऱ्या मुलाबद्दल आईकडून आधीच समजून घ्यायचं. सुरू करण्यापूर्वी काचा वेचायच्या, कारण अर्धी मुलं अनवाणी असणार. शिवाजी पार्कची लाल माती उन्हाळ्यात छातीत जाते, दम्याच्या मुलांसाठी पाणी शिंपडून घ्यावं लागेल. एवढं आपल्यातली कुणीही शिकू शकते.

अंध मुलीबरोबर धावायला जोडीदार लागतो. दोघींच्या हातात एक आखूड दोरी. हीच पद्धत पॅरालिम्पिकमध्ये असते. तिथला एक नियम मला फार आवडतो: जोडीदारानं धावपटूच्या आधी रेषा ओलांडायची नाही. ओढत न्यायचं नाही, पुढे पळायचं नाही, बरोबर राहायचं. पॅरिसला २०२४ साली सिमरन शर्मानं २०० मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं ते अभय सिंगबरोबर धावून. त्याच स्पर्धेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रीती पालनं १०० आणि २०० मीटरमध्ये दोन पदकं मिळवली, आणि बौद्धिक अपंगत्व असलेली तेलंगणाच्या खेड्यातली दीप्ती जीवनजी ४०० मीटरमध्ये तिसरी आली. तिला आणि तिच्या आईबापांना गावानं काय काय ऐकवलं होतं ते वर्तमानपत्रांतून आलं आहे. तिन्ही मुलीच. मात्र ही नावं मी पदकांसाठी दिलेली नाहीत. आपल्या गटातून पदक यावं अशी अपेक्षा धरली की निवड सुरू होते, आणि निवड सुरू झाली की सगळ्यात आधी कुणाला घरी पाठवतात ते शाळेच्या संघात आपण पाहिलेलं आहे.

बैठकीत खरा वाद झाला तो वेगळाच. एका मैत्रिणीची मुलगी अडखळत चालते. ती म्हणाली, "माझ्या पोरीला हसतील. तिच्यासारख्या मुलींचा तास वेगळा ठेवा." दुसरी म्हणाली, मग मुलींचाच वेगळा ठेवा, मुलगे आले की चेंडू घेऊन मैदान बळकावतात. दोघींचं म्हणणं अनुभवाचं आहे. बायकांची स्वतंत्र बैठक, स्वतंत्र डबा, यासाठी आपणच भांडलो आहोत, त्यामुळे वेगळी जागा म्हणजे मागासपण असं मी म्हणणार नाही. तरीही इथे माझा कौल एकत्र तासाला आहे. वेगळा तास आधी अर्धा होतो, मग शनिवारवर जातो, मग मैदान रिकामं नाही म्हणून रद्द होतो. शिवाय हसणारी मुलं कुठे शिकणार? दोरीचं दुसरं टोक हातात धरून दहा मिनिटं कुणाच्या तरी वेगानं धावलेला मुलगा घरी बहिणीशी, पुढे बायकोशी कसा वागेल याबद्दल मला थोडी आशा आहे. पहिले काही महिने हसतीलच. तेव्हा मोठ्या बाईनं तिथे उभं राहायला हवं.

त्या मोठ्या बाईबद्दल मात्र मला कडक बोलायचं आहे. हे काम 'सेवा' म्हणून आपल्या गळ्यात पडता कामा नये. अंगणवाडीच्या आणि आशाच्या मैत्रिणींना पगाराऐवजी मानधन या गोड शब्दावर किती वर्षं राबवलं आहे ते आपण मोर्च्यांत ओरडून सांगितलं आहे. तास चालवणाऱ्या दोघीतिघींना रीतसर मोबदला हवा, आणि तो पालिकेनं द्यावा. आया बाकावर बसून राहिल्या पाहिजेत अशीही अट नको. त्या तासात आईला झोपायचं असेल तर तिनं झोपावं.

सुरक्षिततेचं थोडक्यात: कोणतंही मोठं माणूस कोणत्याही मुलाबरोबर एकटं राहणार नाही, बाई असो की पुरुष. अपंग मुलांवरचे अत्याचार उघडकीला यायला जास्त वेळ लागतो, कारण त्यांना धड ऐकून घेतलं जात नाही. जानेवारी २०२३ मध्ये जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीगीर मुली आपल्याला सांगून गेल्या आहेत की खेळाच्या जगात तक्रार करणं काय असतं. नियम पहिल्या दिवशी पाटीवर लिहून लावायचा.

आणि शौचालय. २०११ पासून मुंबईतल्या संघटनांनी 'राइट टू पी' म्हणून जी मोहीम चालवली, ती या मैदानांच्या फाटकापर्यंत न्यायला हवी. पाळी सुरू झाली की मुली मैदान सोडतात याला संस्कार जबाबदार आहेतच, पण कडी नसलेलं दारही आहे. चाकाची खुर्ची आत वळेल असं शौचालय किती मैदानांवर आहे?

कायदा आपल्या बाजूनं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावं असं आहे. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातलं १६ वं कलम सांगतं की सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी अपंग मुलांना इतरांच्या बरोबरीनं खेळाची संधी द्यावी. ३० वं कलम तर खेळांवरच आहे. अर्जात ही कलमं लिहा, कारकुनाला वाचून दाखवा.

लालबाग-परळच्या मैत्रिणींनी एफ दक्षिण, शिवाजी पार्कच्या जी उत्तर आणि गिरगावच्या डी विभाग कार्यालयात अर्ज द्यायचे आहेत. त्याआधी प्रत्येकीनं आपल्या मैदानाला साडेचार ते सहा या वेळेत तीन फेऱ्या मारून या आणि लिहून पाठवा: फाटक उघडं असतं का, पायरी किती उंच आहे, दिवे लागतात का, नळाला पाणी असतं का, शौचालयाला कडी आहे का, मुलं किती होती आणि त्यात मुली किती. जमल्यास एखाद्या अपंग मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या आणि त्यांनी काय पाहिलं तेही लिहा. पत्रं पुढच्या अंकात जशीच्या तशी छापू.