उंच काच म्हणजे आराम नव्हे

लाँग राईडचा बेत ठरला की खरेदीची यादी आपोआप तयार होते. सॅडल बॅग, मोबाईल होल्डर, जेलवाली सीट आणि शेवटी एक भली मोठी विंडशील्ड. (असते प्लास्टिकची, पण आपण सगळे तिला काचच म्हणतो, त्यामुळे मीही म्हणणार.) पुण्यात नाना पेठेत जा, दुकानदार बाईकचं नाव ऐकतो आणि सरळ विचारतो, "छोटी पायजे का मोठी?" बहुतेक जण मोठी घेतात. लांब जायचंय, मग मोठीच बरी. विषय संपला.

माझं म्हणणं असं की विषय इथे सुरू होतो. वारा कमी लागणं आणि आराम मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात आपण पहिलीचे पैसे देऊन दुसरीची अपेक्षा करतो.

आधी थोडा हिशोब. घाबरू नका, बारावीच्या फिजिक्सच्या पुढे जाणार नाही. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सरळ बसलेल्या माणसाचं छाती-डोकं मिळून अर्धा चौरस मीटर धरलं, तर ६० च्या स्पीडला वारा साधारण साडेआठ किलोच्या जोराने मागे ढकलतो. ८० ला १५ किलो, आणि १०० ला २३-२४ किलो. म्हणजे ८० ने कोल्हापूर गाठताना तांदळाची एक मध्यम गोणी तुमच्या छातीला टेकून बसलेली असते, आणि तुम्ही हँडल घट्ट धरून तिला थोपवत असता. खांदे आणि मनगटं का दुखतात ते यावरून कळेल. छातीवरचा हा भार कमी करायला काच हवीच, त्याबद्दल वाद नाही.

वाद डोक्याबद्दल आहे.

काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली हवा सरळ जात नाही. कडेला तिचे भोवरे बनतात आणि एकामागोमाग एक मागे सुटत राहतात. काचेच्या मागे हवेचा दाब कमी झालेला असतो, म्हणून ही हवा आत ओढली जाते, आणि आत कोण बसलंय? आपण. काच साधारण ४० सेंटीमीटर रुंद धरली तर ८० च्या स्पीडला सेकंदाला दहा-अकरा भोवरे सुटतात (ढोबळ हिशोब आहे, पण अंदाज यायला पुरेसा). ते नेमके हेल्मेटवर आदळले की डोकं गदागदा हलतं. हा हलण्याचा आकडा मुद्दाम दिला, कारण सेकंदाला दहा वेळा डोकं सावरायचं काम मान करते, आणि तीन तासांनी बिल पाठवते.

म्हणजे गंमत बघा. काच नसलेल्या बाईकवर डोक्याला वारा जोरात लागतो, पण तो एकसारखा असतो. मान एकदा सेट झाली की झाली. चुकीच्या उंचीच्या काचेमागे वारा कमी असतो, पण तो घुसळलेला असतो. एकसारखा वारा माणूस सहन करतो, घुसळलेला नाही.

आवाजाचं तर त्याहून वाईट. हेल्मेटमधला बहुतेक आवाज इंजिनचा नसतो, वाऱ्याचा असतो, आणि हायवेच्या वेगाला तो सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस आहे ती अशी: ८५ डेसिबल असेल तर ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. आता पुणे-गोवा किती तासांचं आहे ते तुम्हीच बघा. कानात बोळे घालण्यात लाज कसली? ऐकू येणं एकदा गेलं की ते रिस्टोर करायला बॅकअप नसतो.

माझ्या एका मित्राने मागच्या वर्षी दुकानात होती ती सगळ्यात उंच काच लावली. तो पाच फूट पाच, काच हनुवटीच्या जरा वर. साताऱ्याला पोचेपर्यंत त्याचं डोकं ठणकायला लागलं होतं आणि तो म्हणत होता, "अजून मोठी मिळते का बघूया." पुढच्या रविवारी आम्ही काहीही विकत न घेता काचेच्या खाली २० मिलीमीटरचे स्पेसर घातले आणि वरचा कोन थोडा मागे झुकवला. खर्च एका मिसळीपेक्षा कमी. तीच काच, तोच रस्ता, आणि परत आल्यावर तक्रार बंद. यात जादू नव्हती. खालच्या फटीतून थोडी हवा आत यायला लागली, काचेमागची पोकळी भरली, आणि वरचे भोवरे आत ओढले जायचे ते कमी झाले.

आपल्या धंद्यात प्रोग्रॅम हळू चालतोय म्हणून कोणी लगेच नवा सर्व्हर मागितला तर आपण आधी विचारतो, मोजलंस का? बाईकच्या बाबतीत मात्र आपणच न मोजता सर्व्हर विकत घेतो. बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर १०० आरएस आणली, तिचं फेअरिंग इटलीत पिनिनफरिनाच्या विंड टनेलमध्ये घडवलं होतं. आपल्याकडे विंड टनेल नाही, पण लोकर आहे आणि चिकटपट्टी आहे.

लोकरीचे बोटभर लांबीचे तुकडे काचेच्या वरच्या कडेला आणि हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना चिकटवा. मित्राला शेजारच्या गाडीतून, मागच्या सीटवर बसून, व्हिडिओ घ्यायला सांगा. धागे सरळ मागे ताणलेले असतील तर हवा स्वच्छ आहे. वेड्यासारखे नाचत असतील तर भोवरे तिथेच आहेत. दुसरी चाचणी त्याहून सोपी. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ६० च्या वेगाला पाठ ताठ करून डोकं दोन-तीन इंच वर न्या. आवाज एकदम कमी झाला तर काच तुमच्यासाठी जास्त उंच आहे, किंवा कोन चुकलाय. उलट जरा वाकल्यावर शांत वाटलं तर, आणि तरच, उंच काचेचा विचार करा.

मग बदल करायचे ते स्वस्तापासून महागाकडे आणि परत फिरवता येतील अशा क्रमाने. आधी कोन. मग खालची फट. मग कडेवर चिमट्याने लावायची छोटी पट्टी, मधे बोटभर फट ठेवून. काच कापायची ती सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी पुठ्ठ्याचा नाहीतर कोरुगेटेड प्लास्टिकचा नमुना करून. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकत्र केले आणि फरक पडला, तर कशामुळे पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मटेरियलबद्दल दोन शब्द, कारण इथे जिवाशी गाठ आहे. नंबरप्लेट आणि बोर्ड बनवणाऱ्या दुकानात मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक. दिसायला छान, कापायला सोपं, पण फुटलं की धारदार तुकडे होतात, आणि ते तुकडे तुमच्या गळ्यासमोर असतात. पॉलिकार्बोनेट मागा. ते ठोका सहन करतं, पण त्याचे नखरे वेगळे. ओरखडे लवकर पडतात, पेट्रोल आणि अमोनियावाला काच-क्लीनर चालत नाही, आणि बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात ते थ्रेड लॉकर लागलं तर भोकाभोवती तडे जातात. भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं ठेवा, मधे रबरी वॉशर घाला, आणि आवळताना पैलवानकी करू नका. किडे चिकटले असतील तर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून मग पुसा.

उंचीचा नियम एकच: नजर काचेच्या वरून गेली पाहिजे, आरपार नाही. वरची कड साधारण नाकाच्या रेषेत किंवा खाली. ताम्हिणीत जुलैतला पाऊस आणि धुकं असताना, किंवा रात्री समोरून ट्रकचे दिवे येताना ओरखडे पडलेल्या काचेतून बघून पहा. म्हणजे, नकाच पाहू. तिथे काच झाकल्यासारखीच असते.

आणि हवामान! या उंच काचा, इंटरनेटवर ज्यांचे फोटो बघून आपण भारावतो, त्या थंड देशातल्या आहेत. तिकडे वारा अंगाला लागूच नये हा हेतू असतो, आणि तो तिथे बरोबर आहे. आपल्याकडे मे महिन्यात सोलापूर रोडला अंगाला अजिबात वारा न लागणं म्हणजे घामात उकडून निघणं. आपल्याला छातीवरचा भार निम्मा व्हायला हवा, हवा बंद व्हायला नको. त्यात हँडलवर बसवलेली मोठी काच असेल तर ट्रकला ओव्हरटेक करताना बसणारा धक्का थेट स्टिअरिंगमध्ये येतो. महाराष्ट्रात बाईकला पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे बंद आहे, चारपदरी हायवेवर मर्यादा ८० ची आहे. या वेगासाठी १६० ला चालणारी ढाल कशाला?

"मग बाईक कशाला घेतली, कारच घे की", असं म्हणणारेही भेटतात. वारा खायलाच तर बाईक, हे त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. वारा खायचाच आहे, पण त्याने आपल्याला खायला नको. सातव्या तासाला घाटाच्या वळणावर अचानक म्हैस आडवी आली, तर त्या क्षणी तुमची मान, कान आणि डोकं किती शिल्लक आहे, यावर सगळं ठरतं. आराम ही चैन नाही, तो ब्रेकचाच एक भाग आहे.

तेव्हा नाना पेठेत जायच्या आधी घरातली लोकर शोधा. आठ-दहा धागे पुरतात. दुकानदार "छोटी का मोठी" विचारेल तेव्हा निदान तुमच्याकडे उत्तर असेल, आणि बऱ्याच जणांचं उत्तर "दोन्ही नको, स्पेसर द्या" असं निघेल, अशी माझी पैज.