शाहिराला मुलगी द्यावी का?

खोपोलीच्या एका खालांनी मध्यंतरी आम्हाला विचारलं, "सर, भाचीला मागणी आलीय. मुलगा गातो सुरेख, पण डफ घेऊन मोर्चात जातो, युनियनचा झेंडा धरतो. काय करावं?"

कारखान्यांमुळे युनियन खोपोलीच्या घराघरांत फार पूर्वीच शिरली आहे, त्यामुळे ही काळजी काही नवी नाही. आपल्यातलंच एक मोठं उदाहरण आहे, शाहीर अमर शेख. मूळ नाव महबूब हुसेन पटेल, जन्म 1916, बार्शीचा. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग कम्युनिस्ट पक्षाचा गळा. 1944 साली अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजावर मैदानं भरत. 1 मे रोजी शाळेत आम्ही हे नाव घेतो तेव्हा आपल्याच मुलांना नवल वाटतं, की हा शाहीर मुसलमान होता! त्यांनी लग्न केलं कुसुम जयकरांशी, त्या पुढे ज्योती शेख झाल्या. धर्म वेगळा, आणि नवरा सदा गावोगाव. 1969 च्या ऑगस्टमध्ये इंदापूरजवळ अपघातात शाहीर गेले, तेव्हा लेक मलिका बारा वर्षांची होती. तीच पुढे कवयित्री झाली.

पण खालांच्या प्रश्नाला नेमकं लागू पडतं ते त्याच पक्षातलं, त्याच मुंबईतलं दुसरं घर. शायर कैफी आझमी यांचं.

1947 साली हैदराबादच्या मुशायऱ्यात शौकत नावाच्या मुलीनं कैफींना ऐकलं आणि लग्न करीन तर यांच्याशीच, असं ठरवलं. घरचे नाराज. कैफी पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते, हातात महिन्याला चाळीसेक रुपये. शौकतच्या वालिदांनी आरडाओरडा केला नाही. मुलीला घेऊन ते मुंबईला आले, कैफी कसे राहतात ते तिला दाखवलं आणि मग विचारलं. ती हो म्हणाली. सज्जाद झहीर यांच्या घरी निकाह झाला. खालांना आम्ही एवढंच सांगितलं, की भाचीलाही आधी ते घर दाखवा. आपण घराणं बघतो, पगार बघतो, आणि जिला नांदायचंय तिला मात्र फोटो दाखवतो.

पुढचं सोपं नव्हतं. पहिला मुलगा तान्हेपणीच गेला. सरकारनं कम्युनिस्टांची धरपकड सुरू केली, कैफी भूमिगत झाले. अशात शौकत पुन्हा गरोदर राहिल्या. पक्षाच्या लोकांचं म्हणणं पडलं, की नवरा भूमिगत, कमाई नाही, हे मूल नको. शौकत पक्ष मानणाऱ्या होत्या, तरी ठाम नाही म्हणाल्या. आम्हाला या गोष्टीतलं सगळ्यात मोठं धाडस इथे दिसतं. भूमिगत होण्यालाही हिंमत लागते, पण त्याच्यामागे अख्खी संघटना असते. आपल्याच माणसांना नाही म्हणणारी बाई एकटी असते.

मूल झालं सप्टेंबर 1950 मध्ये. मुलगी, शबाना.

पक्ष मात्र दोघांनीही सोडला नाही. रेड फ्लॅग हॉलमध्ये आठ कुटुंबं, प्रत्येकाला 225 चौरस फुटांची एक खोली, न्हाणीघर आणि संडास सगळ्यांत मिळून एक. तिथेच संसार झाला. कैफी शेवटपर्यंत पक्षाचं कार्ड जपून ठेवत. आणि घर चालावं म्हणून शौकत पृथ्वी थिएटरच्या नाटकांत कामं करत, दौऱ्यावर निघताना लेकीला पाठीशी बांधून नेत.