ओळख वाढली, पत केव्हा वाढणार?

अमरावती-अकोल्याकडील पदवीधर तरुणास 'सध्या काय करतोस?' असे विचारले, तर पूर्वी दोनच उत्तरे मिळत : स्पर्धा परीक्षेची तयारी किंवा पुण्यास नोकरी. अलीकडे तिसरे उत्तर कानी येऊ लागले आहे. 'स्वतःचे काहीतरी सुरू करतो आहे.' बहुधा ते घरच्या तुरीची डाळ मोबाइलवरून विकण्याचे असते. हे सांगताना मुलाचा आवाज चढतो आणि शेजारी बसलेल्या वडिलांची मान खाली जाते. या दोघांपैकी चूक कोणाची, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही.

मुलाच्या उत्साहाचे मूळ स्पष्ट आहे. 2004 साली अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या वसतिगृहात फेसबुक जन्मले. 2009 साली निघालेले व्हॉट्सअॅप पाचच वर्षांनी सुमारे 19 अब्ज डॉलरांस विकले गेले. या कथा खऱ्या आहेत; परंतु त्यांतून काढला जाणारा बोध फसवा आहे. त्या कंपन्यांचा माल म्हणजेच लोकांची ओळख व त्यांचे लक्ष. त्याची किंमत जाहिरातदार मोजतो. डाळ विकणाऱ्याचा माल डाळ आहे. त्याच्या पिशवीच्या छायाचित्रास तीनशे परिचितांनी अंगठा दाखविला, म्हणून तीनशे किलो डाळ खपत नाही. (अंगठा दाखविणे या शब्दप्रयोगाचा आपल्याकडील जुना अर्थ येथे फार समर्पक ठरतो!)

कल्पनेची वा यंत्राची वाण नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने छोटी डाळ गिरणी विकसित केली, तिच्यामुळे गावातच डाळ भरडता येते. घोडे पेंड खाते ते पुढे. तूर येते हिवाळ्याच्या अखेरीस, दोन-अडीच महिन्यांत. डाळ मात्र वर्षभर विकावयाची. म्हणजे वर्षाचा कच्चा माल आधीच विकत घेऊन पैसा अडकवून ठेवणे आले. त्यासाठी बँकेत जावे, तर व्यवस्थापकास मागील तीन वर्षांची उलाढाल पाहावयाची असते. पहिल्याच वर्षी ती आणावी कोठून? किराणा दुकानदार माल ठेवून घेतो. पैसे सवडीने देतो. ओळख असते, पत नसते.

ओळखीचे रूपांतर पतीत कसे होते, हे वऱ्हाडने फार पूर्वी पाहिले आहे. कारंजा येथे 1886 साली कापसाची नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली. ती देशातील पहिली. पुढे 1897 साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. शेतकरी आणि व्यापारी त्यापूर्वीही एकमेकांस ओळखतच होते. नवे होते ते वजनाचे, तोलाऱ्याचे व दलालाचे नियम. त्या बाजार समित्यांत व्यापाऱ्यांचेच वर्चस्व होते, ही उणीव मोठीच. तथापि अनोळखी माणसाशी व्यवहार करण्याचा धीर नियमानेच दिला.

16 जानेवारी 2016 रोजी केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' योजना जाहीर केली. तेव्हापासून महाविद्यालयांत स्पर्धा, मार्गदर्शनपर व्याख्याने आणि प्रमाणपत्रे यांस तोटा नाही. प्रमाणपत्रावर तूर मिळत नाही. त्याऐवजी अमरावती व अकोला येथील शासकीय व संस्थांच्या वसतिगृहांनी आपल्या जेवणघरांसाठी लागणाऱ्या डाळीचा काही भाग अशा नवख्या गिरण्यांकडून लेखी कराराने घ्यावा. मालाचे नमुने त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासावेत. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे 45 दिवसांच्या आत चुकते करण्याचे बंधन 2006 च्या कायद्याने घातलेच आहे. ते कसोशीने पाळावे. बारा महिन्यांच्या मागणीचा असा कागद हाती असला, तर बँकेच्या दारात त्या मुलाला निदान बोलण्यास आधार मिळेल.

नवख्यावर विश्वास का टाकावा, असा प्रश्न वसतिगृहाचे अधीक्षक विचारतील, आणि तो रास्त आहे. पहिली मागणी एका क्विंटलचीच द्यावी. माल नमुन्यास न उतरल्यास परत पाठवावा.