घरांत येण्याच्या दोन वाटा

गेल्या माघांत एके दिवशीं आमच्या वहिनी छापखान्याचीं कच्चीं पानें हातांत घेऊन ओसरीवर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, सूचींत 'पासोडी' हा शब्द ११२ व्या पानावर दिला आहे. तें पान मीं दोनदां वाचलें. तेथें तो शब्द नाहीं."

आम्हीं चष्मा लावून पाहिलें. शब्द १०९ व्या पानावर होता. त्याच्या पुढचा शब्द पाहिला, तोहि तीन पानें अलीकडे. ग्रंथाच्या शेवटाकडील शब्द काढून पाहिले, तर ते सहा सहा पानें अलीकडे. एखादें पान चुकणें ही हातची चूक म्हणतां येईल. परंतु जी चूक पुस्तकाबरोबर हळूहळू वाढत जाते, तिच्या मुळाशीं कांहीं तरी नियम असलाच पाहिजे, एवढें गणित आम्हीं चाळीस वर्षें वर्गांत शिकविलें आहे.

हें पुस्तक आमच्या थोरल्या बंधूंचें. अंबाजोगाईस दासोपंतांची समाधि आहे आणि त्यांनीं कापडावर लिहिलेली पासोडी प्रसिद्धच आहे. दादांनीं दासोपंतांच्या शब्दांवर तीस वर्षें टिपणें केलीं, वह्या भरल्या, आणि छापण्याचा दिवस पाहण्यापूर्वींच ते गेले. फाल्गुनांत वर्षश्राद्ध; त्या दिवशीं दोनशें प्रती घरच्या व ओळखीच्या मंडळींच्या हातीं द्याव्या, असें वहिनींच्या मनांत होतें. अशा ग्रंथाचा जीव त्याच्या सूचींत असतो. सूची खोटी ठरली, तर शब्द शोधणारा दुसऱ्यांदा तें पुस्तक उघडीत नाहीं.

मजकूर आम्हीं घरच्या संगणकावर जुळविला होता. सूची आमच्या पुतण्यानें, म्हणजे वहिनींच्या चिरंजीवानें, पुण्यास बसून केली. परंतु तीहि आमच्याच संगणकांत दुरून शिरून, त्याच फाइलीवरून. त्यास दूरध्वनि केला. तो म्हणाला, "काका, मीं सूची केल्यावर तुम्ही मजकुरांत हात घातला असणार." आम्ही म्हणालों, "एक काना बदललेला नाहीं." तो म्हणाला, "माझ्याकडे ग्रंथ २१४ पानांचा भरतो." आम्ही म्हणालों, "आमच्याकडे २०८." यंत्र एक, फाइल एक, आज्ञाहि एकच, आणि पानें निराळीं! दोघांपैकीं एक जण खोटें बोलतो आहे, यावांचून दुसरा अर्थ दोघांसहि दिसेना. दूरध्वनि कोणीं आधीं ठेवला हें सांगण्यांत अर्थ नाहीं. दोन दिवस आम्ही बोललों नाहीं, आणि त्या दोन दिवसांत वहिनी एका बाजूस मुलगा व दुसऱ्या बाजूस दीर यांच्यामध्यें मुकाट्यानें वावरत होत्या.

तिसऱ्या दिवशीं पुतण्याचाच दूरध्वनि आला. "काका, रागावूं नका. एक आज्ञा देतों, ती तुमच्या खिडकींत लिहा. मी माझ्या खिडकींत लिहितों." ज्या 'झी-लाटेक' नांवाच्या कार्यक्रमानें आम्ही ग्रंथ जुळवितों, त्याचें साल विचारणारी ती आज्ञा. आमच्या खिडकीनें उत्तर दिलें, २०२४ चा संच. त्याच्या खिडकीनें उत्तर दिलें, उबुंटूबरोबर आयता आलेला जुना संच. एकाच घरांत एकाच नांवाचे दोन पाहुणे राहत होते, आणि हांक मारली असतां पुण्याच्या हांकेस एक ओ देत होता व अंबाजोगाईच्या हांकेस दुसरा.

(जातां जातां एक सांगावेंसें वाटतें. या 'टेक' शब्दाचें शेवटलें अक्षर ग्रीक आहे. डोनाल्ड नूथ या गणितज्ञानें १९७८ च्या सुमारास हा कार्यक्रम रचिला, तेव्हां कला व कौशल्य दाखविणारा ग्रीक शब्द त्यानें नांवास घेतला. त्या शब्दाचें आणि आपल्या 'तक्षन्', म्हणजे सुतार, या शब्दाचें मूळ एकच असल्याचें भाषाशास्त्रज्ञ मानितात. अक्षरांचा सुतार म्हणण्यास हरकत नाहीं.)

पानें कां वाढलीं, हें मग ध्यानांत आलें. नव्या संचांत मराठी शब्द ओळीच्या अंतीं कोठें तोडावा याचे नियम बसविलेले होते. जुन्या संचांत ते बसविलेलेच नव्हते. दासोपंतांचे लांबलचक सामासिक शब्द तुटेनात, म्हणजे ओळी सैल पडल्या, आणि सैल ओळींनीं सहा पानें अधिक खाल्लीं. मजकूर एका संचावरचा व सूची दुसऱ्या संचावरची, असा तो गोंधळ झाला होता.

आतां प्रश्न राहिला तो हा कीं, एकाच नांवानें दोन निराळे कार्यक्रम कां जागे व्हावे? येथें वाचकांस थोडें मागें नेलें पाहिजे. टर्मिनलच्या खिडकींत आपण आज्ञा लिहितों ती वाचणारा जो कार्यक्रम, त्यास शेल म्हणतात. आमच्याकडे 'बॅश' नांवाचा शेल आहे. तो ब्रायन फॉक्स यांनीं लिहिला व १९८९ सालीं बाहेर आला. शेलास आपण कार्यक्रमाचें नुसतें नांव सांगतों, पत्ता सांगत नाहीं. पत्ता शोधण्यासाठीं त्याच्यापाशीं फोल्डरांची एक यादी असते. तिचें नांव पाथ, म्हणजे वाट. त्या यादींतील फोल्डर तो क्रमानें उघडून पाहतो, आणि त्या नांवाचा जो कार्यक्रम प्रथम सांपडेल तो चालवितो. पुढें आणखी कोणी त्याच नांवाचा असला, तरी त्याकडे तो ढुंकूनहि पाहत नाहीं. पाणिनीच्या शास्त्रांत दोन तुल्यबल नियमांचा विरोध आला, तर सूत्रपाठांत पुढें असलेला जिंकतो. येथें नेमकें उलट, आधीं उभा असलेला जिंकतो. आमच्यासारख्या संस्कृताच्या मास्तरानें येथें ठेंच खाल्ली नसती तरच नवल, आणि ती खाल्लीच. तें पुढें येईल.

ही यादी कोठें लिहिलेली असते? एके ठिकाणीं असती, तर हा लेखच लिहावा लागता ना. बॅश ज्या रीतीनें सुरू होतो, त्याप्रमाणें तो निरनिराळ्या फाइली वाचतो. जुन्या वाड्यांस देवडी असे आणि परसदारहि असे. देवडीवरून येणाऱ्याची विचारपूस होई, पाय धुण्यास पाणी मिळे. परसदारानें येणारा घरचाच, तो सरळ माजघरांत. संगणकांत नांव व परवलीचा शब्द सांगून शिरणें हें देवडीनें येणें होय. त्या शेलास 'लॉगिन शेल' म्हणतात. आधींच घरांत असलेल्या माणसानें टर्मिनलची नवी खिडकी उघडणें हें परसदारानें येणें. परसदारानें आलेला बॅश घरच्या फोल्डरांतील 'बॅश-आरसी' ही फाइल वाचतो. देवडीनें आलेला सरकारी 'प्रोफाइल' वाचून मग घरच्या फोल्डरांत तीन नांवें क्रमानें शोधतो: 'बॅश-प्रोफाइल', 'बॅश-लॉगिन' आणि नुसती 'प्रोफाइल'. या तिघींपैकीं जी पहिली भेटेल तेवढीच तो वाचतो. या सर्व घरच्या फाइलींचीं नांवें टिंबानें सुरू होतात, आणि टिंबानें सुरू होणारें नांव साध्या यादींत दिसत नाहीं. असल्या लाजाळू फाइलींनींच घरें मोडतात.

पुतण्यानें नव्या संचाची वाट 'बॅश-आरसी'च्या शेवटीं लिहून ठेविली होती. आमची खिडकी परसदारची, म्हणून तिला ती वाट ठाऊक. तो स्वतः पुण्याहून येई तो नांव व परवलीचा शब्द सांगून, म्हणजे देवडीनें. उबुंटूची व्यवस्था तशी समजूतदार आहे. तिच्या 'प्रोफाइल'मध्यें 'बॅश-आरसी'सहि बोलावून घे असें आधींच लिहिलेलें असतें, त्यामुळें देवडीनें आलेल्यासहि ती वाट कळावयास हवी होती. मग कां कळली नाहीं? शोधतां शोधतां घरच्या फोल्डरांत एक 'बॅश-प्रोफाइल' निघाली. आम्हीं ती लिहिलेली नव्हती, पुतण्यानें लिहिलेली नव्हती. मागें कधीं तरी एक उपकरण बसवितांना त्यानें आपल्या सोयीची एक ओळ लिहिण्यासाठीं ती निर्माण केली होती. ती पहिली भेटल्यावर बॅश 'प्रोफाइल'पर्यंत पोंचतच नव्हता, आणि 'प्रोफाइल' मुकी झाली म्हणजे तिनें बोलवावयाची 'बॅश-आरसी'हि मुकी. एका ओळीच्या त्या अनाहूत फाइलीनें काका-पुतण्यांत दोन दिवसांचा अबोला घातला.

आणखी एक तिसरें दार निघालें. आम्ही कधीं कधीं यादींतील चित्रावर टिचकी मारून लेखनाचा कार्यक्रम उघडतों व त्यांतूनच ग्रंथ जुळवितों. तोहि जुनाच संच वापरीत होता. कारण असें कीं, प्रत्येक कार्यक्रमास पाथ वारशानें मिळतो, ज्यानें त्यास जन्म दिला त्याच्याकडून. चित्रावरून उघडलेल्या कार्यक्रमाचा जन्मदाता टर्मिनलची खिडकी नव्हे, तर सकाळीं आपण आंत शिरतांना सुरू झालेलें सत्र होय. त्यानें 'बॅश-आरसी'चें शेवटचें पान कधीं पाहिलेलेंच नसतें. वारसा बापाकडून लेकाकडे जातो, उलट जात नाहीं. म्हणून एका खिडकींत पाथ बदलला, तर तो त्या खिडकीपुरता व तिच्या लेकरांपुरता. शेजारच्या खिडकीस त्याचा गंधहि नसतो.

ज्या वाचकांच्या घरीं असा प्रकार होत असेल, त्यांनीं भांडण्यापूर्वीं दोन आज्ञा प्रत्येक दारांतून द्याव्या. पहिली, 'एको' लिहून, जागा सोडून, डॉलरच्या चिन्हास जोडून पाथ हा शब्द मोठ्या अक्षरांत. म्हणजे यादी समोर येते. दुसरी, 'टाइप', मग उणें-चिन्हास जोडलेलें ए हें अक्षर, मग कार्यक्रमाचें नांव; म्हणजे त्या नांवाचे जितके कार्यक्रम पाथवर असतील तितके सर्व क्रमवार उभे राहतात. दोन दारांतील उत्तरें कागदावर शेजारीं शेजारीं उतरवून घेतलीं, कीं रोग कोठें आहे तें बहुधा दिसतेंच. आम्हीं हें आधीं केलें असतें, तर तीन दिवस वांचले असते.

आमचा उपाय असा. त्या अनाहूत 'बॅश-प्रोफाइल'मधील एकुलती ओळ आम्हीं 'प्रोफाइल'मध्यें नेली व रिकामी फाइल काढून टाकिली. मग नव्या संचाची वाट 'बॅश-आरसी'मधून काढून तीहि 'प्रोफाइल'मध्येंच लिहिली. येथें ती ठेंच! आम्हीं नवा फोल्डर जुन्या यादीच्या शेवटीं जोडला, नंतरचा बलवान या बाळपणापासूनच्या भरंवशावर. अर्थात् बॅशला आधीं जुनाच संच सांपडला. पुतण्या हंसला, आम्हीं ओळ फिरवून नवा फोल्डर यादीच्या आरंभीं आणिला. तरीहि कांहीं फरक पडेना. आम्ही खिडकी बंद करावी, पुन्हां उघडावी, असें तिन्हीसांजेपर्यंत चाललें होतें. शेवटीं कळलें कीं, खिडकी बंद करून भागत नाहीं. सत्रांतूनच बाहेर पडून पुन्हां नांव सांगून आंत यावें लागतें, कारण 'प्रोफाइल' वाचली जाते ती देवडीवर.

आमची पुतणी बंगळुरास असते; तिच्याकडे मॅक आहे. तिला हा वृत्तांत कळविला, तर तिनें कळविलें कीं, तिच्याकडे सर्व निराळें. २०१९ पासून मॅकवर नव्या खात्यास 'झेड-शेल' हा शेल मिळतो, आणि त्याचें टर्मिनल नवी खिडकीसुद्धां देवडीनेंच उघडतें. शिवाय देवडीवर यादीची फेरमांडणी करणारा एक सरकारी कारकून बसविलेला आहे. त्याच्या आधीं वाचल्या जाणाऱ्या 'झेड-शेल-एन्व्ह'मध्यें आपण कितीहि हौसेनें आपला फोल्डर आरंभीं लिहा, कारकून त्यास मागें ढकलतो. म्हणून तेथें ती ओळ 'झेड-प्रोफाइल'मध्यें लिहावी, म्हणजे कारकुनाचें काम उरकल्यावर आपली ओळ वाचली जाते. दर रात्रीं ठराविक वेळीं काम करणारा 'क्रॉन' तर आपल्या घरच्या कोणत्याच फाइली वाचीत नाहीं. त्यास कार्यक्रमाचा पुरा पत्ता लिहून द्यावा हेंच बरें.

त्या रात्रीं पुतण्यानें पुण्याहून ग्रंथ पुन्हां जुळविला, आम्हीं आमच्या खिडकींतून जुळविला, आणि चित्रावर टिचकी मारूनहि एकदां जुळविला. तिन्ही वेळां पानें २०८. सूची नव्यानें निघाली, छापखान्यास पत्र गेलें, आणि छापखान्याच्या मालकांनीं आठ दिवस अधिक मागितले ते आम्हीं मुकाट्यानें दिले. प्रती वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशीं सायंकाळीं आल्या. पुतण्या त्याच दिवशीं पुण्याहून आला होता. त्यानें गठ्ठा सोडला व पहिली प्रत वहिनींपुढें धरिली. वहिनींनीं ती हातीं घेतली, पहिलें पान उलटलें नाहीं, दादांचें छायाचित्र पाहिलें नाहीं. मागची सूची काढली, 'पासोडी' या शब्दावर बोट ठेविलें, आणि १०९ वें पान उघडलें.