नवापूरच्या खाडीचा हक्क कोणाच्या नावावर?

दरवर्षी 20 मार्चला आम्ही महाडला जातो. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर उभे राहतो, ओंजळीत पाणी घेतो, फोटो काढतो आणि घरी येतो. यंदा आम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. तो मनुवाद्यांना नाही, आधी आपल्यालाच. पाण्याला हात लावण्याचा हक्क आपण मिळवला. पण ज्या पाण्याला हात लावायचा ते हात लावण्यासारखं उरलंय का, हे आपण कधी पाहणार?

पालघर जिल्ह्यात बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी नवापूर आहे. शेजारी दांडी, उच्छेळी, आलेवाडी. मासेमारीवर जगणारी ही गावं. मागे तारापूरची औद्योगिक वसाहत. रसायनं, औषधं, रंग, कापड, पोलाद, सगळ्यांचे कारखाने तिथे. त्यांचं सांडपाणी सामुदायिक केंद्रात प्रक्रिया होऊन नवापूरला समुद्रात जावं, अशी व्यवस्था कागदावर आहे. प्रत्यक्षात काय झालं ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेच सांगितलं. 2018 च्या मूल्यांकनात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर प्रदूषणात पहिलं आलं, निर्देशांक 93.69. महाराष्ट्राचा पहिला नंबर आला आणि कोणी पेढे वाटले नाहीत.

आता त्याच पाण्याचं दुसरं टोक पाहा. वसाहतीला पाणी येतं ते सूर्या नदीचं. सूर्या प्रकल्प, म्हणजे धामणी आणि कवडासची धरणं, आदिवासी भागातल्या शेतीला पाणी देण्यासाठी म्हणून उभा राहिला. चौदा हजार हेक्टरांहून जास्त जमीन भिजवायची होती. आज त्याच सूर्येतून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी दिवसाला 403 दशलक्ष लिटर पाण्याची योजना आहे. शहरातल्या माणसाला पाणी मिळू नये असं आम्ही म्हणत नाही, तिथल्या झोपडपट्टीतही आपलीच माणसं आहेत. पण हिशोब मांडा. नळाच्या एका टोकाला वारली, कोकणा आदिवासीचं पाणी जातं, दुसऱ्या टोकाला मांगेला कोळ्याच्या दारात घाण येते. मधल्या नफ्यात दोघांचाही वाटा नाही. याला आम्ही विकास म्हणायचं?

कोणी म्हणेल, कायदे आहेत ना. आहेत. म्हणूनच कायद्यांकडे नीट पाहू.

2005 साली महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. या कायद्यात पाण्याची हक्कदारी आहे. पण ती कोणाला? जो पाणी वापरणार त्याला. शेती, कारखाना, शहर, प्रत्येकाचा कोटा ठरू शकतो. ओढ्यात, नदीत, खाडीत जे पाणी राहायला हवं, त्याच्या नावावर काय? 2003 च्या राज्य जलनीतीने पाणीवाटपाचा प्राधान्यक्रम लावला तेव्हा पिण्याचं पाणी पहिलं, उद्योग दुसरा, शेती तिसरी. पर्यावरण त्याच्याही खाली, आणि तेही 'करमणूक' या शब्दाला जोडून! 2011 साली शेतकऱ्यांच्या रेट्याने शेती उद्योगाच्या वर आली. खाडीसाठी रेटा लावणारं कोणी नव्हतं. तिच्या काठी राहणाऱ्यांच्या मतांची गठ्ठ्यात मोजणी होत नाही.

आणि नद्यांमध्येही सवर्ण-अवर्ण आहेत बरं का. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने गंगेत उगमापासून उन्नावपर्यंत किमान किती पाणी वाहतं ठेवायचं, याची अधिसूचना काढली. चांगलं केलं. पण पवित्र नदीला किमान प्रवाह आणि कोळ्या-आदिवासींच्या नदी-खाडीला पाइप, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

जगात दुसरीकडे काय झालं? अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पाण्याचा नियम सरळ आहे: आधी येईल त्याचा आधी हक्क. खाणवाले आणि मोठे शेतकरी आधी आले, त्यांनी प्रवाह वळवले. पाणी 'वापरायचं' म्हणजे ते नदीतून बाहेर काढायचं, असाच अर्थ होता. 1973 साली राज्याने कायदा बदलला. पाणी प्रवाहातच राहू देणं आणि नैसर्गिक तळ्याची पातळी टिकवणं हासुद्धा वापर आहे, आणि त्यासाठी राज्याचं जलमंडळ स्वतः पाणीहक्क घेऊ शकतं, असं ठरलं. म्हणजे नदी त्या रांगेत हक्कदार म्हणून उभी राहिली. तिच्यानंतर आलेल्याने जास्त पाणी उपसलं तर त्याला अडवता येतं. तिथे हजारो मैल प्रवाह आणि शेकडो तळी आज या हक्काखाली आहेत.

ही कल्पना आपण घ्यावी असं आमचं मत आहे. पण डोळे झाकून नाही, कारण तिच्यात तीन खोट आहेत. पहिली, नदीचा नंबर 1973 नंतरचा. ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी पाणी बळकावलं ते तिच्या पुढेच आहेत. रांगेत शेवटी उभं करून 'तुलाही हक्क दिला' म्हणणं आपल्याला चांगलं ओळखीचं आहे. दुसरी, हा हक्क फक्त सरकारी मंडळाकडे; काठावरच्या माणसाकडे नाही. तिसरी, हा हक्क मुख्यतः प्रवाह आणि पातळी टिकवण्याचा आहे. पाण्यात कोणी विष मिसळलं तर त्याला वेगळा कायदा लागतो. नवापूरचं दुखणं तर विषाचंच आहे.

पण त्याच देशात दुसरा एक धागाही आहे. 1908 साली विंटर्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूलनिवासी जमातींसाठी जमीन राखून ठेवली तेव्हाच तिला लागणारं पाणीही राखलं गेलं. त्यांचा हक्क राखीव क्षेत्राच्या स्थापनेच्या तारखेपासून मोजायचा, त्यांनी पहिला पाट कधी काढला यावरून नाही. हा मुद्दा आपल्या कामाचा आहे. तारापूरच्या वसाहतीची तारीख कागदावर आहे. मांगेल्याच्या होडीची, वारल्याच्या ओढ्याची तारीख त्या कागदाच्या किती आधीची?

आपल्याकडे आधार नाही असं नाही. संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापराबाबत भेदभाव करता येणार नाही, असं लिहिलंय. महाडचा सत्याग्रह त्या ओळीत उतरला आहे. 1991 साली सुभाष कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. 1996 च्या कमलनाथ खटल्यात सांगितलं की नद्या, समुद्रकिनारे यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतींकडे दिलं. 2006 च्या वनहक्क कायद्यात जलाशयातल्या मासळीवरचा सामूहिक हक्क आहे.

मग अडतं कुठे? जिथे महाडला अडलं तिथेच. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं. कागद तयार होता, पण पाण्याला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. 1927 मध्ये बाबासाहेब हजारोंना घेऊन चालत गेले तेव्हा तो कागद जिवंत झाला. तरी उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं.

नवापूरची लढाईही अशीच चालू आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 साली हरित न्यायाधिकरणात गेली. 2022 च्या जानेवारीत न्यायाधिकरणाने प्रदूषण करणाऱ्यांना जबाबदार धरून भरपाईचा निकाल दिला. ही लढाई लढणारे मच्छीमार आपल्या मोर्चात नव्हते. खरं तर आपण त्यांच्या मोर्चात नव्हतो. हे कबूल करायला आम्हाला लाज वाटते, पण कबूल केलं पाहिजे.

'म्हणजे कारखाने बंद करा आणि आमच्या पोरांना घरी बसवा?' हा प्रश्न बोईसरच्या वस्तीतून येईल, आणि तो रास्त आहे. कंत्राटावर राबणारा, टाकीत उतरणारा कामगार आपलाच आहे. बाबासाहेब उद्योगाच्या विरोधात नव्हते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्यासारख्या योजनेला आकार दिला. पण जो कारखाना सांडपाणी साफ न करता पैसे वाचवतो, तो आतल्या कामगाराच्या सुरक्षेवर पैसे खर्च करेल असं कोणाला वाटतं? कामगार आणि कोळी यांना एकमेकांविरुद्ध उभं करणं हा मालकाचा जुना डाव आहे. त्यात आपण सापडायचं नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. 2005 च्या कायद्यात नदी, ओढे, तळी आणि खाड्यांसाठी राखीव पाणीहक्क लिहा, आणि त्यात पाण्याची शुद्धताही मोजा. त्या हक्काला रांगेत सर्वांत जुनी तारीख द्या. त्याची राखण फक्त अधिकाऱ्यांकडे नको. ग्रामसभा आणि मच्छीमार संस्था सह-विश्वस्त असू द्या, त्यांना थेट तक्रार आणि दाव्याचा अधिकार द्या. सांडपाण्याची रोजची मोजणी मराठीत गावच्या फलकावर लावा. आणि भरपाईची रक्कम आधी ज्यांची मासळी गेली त्यांच्या हातात पोचू द्या.

शेवटचं एक. आपल्या माणसांनी चवदार तळ्याला स्पर्श केला म्हणून सनातन्यांनी 108 घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते 'शुद्ध' केलं होतं. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटलं म्हणणारी ही संस्कृती आहे. आज खाडीत खरोखर विष मिसळतं तेव्हा तिला विटाळ होत नाही. कोणी घागर घेऊन येत नाही, कारण बाटवणारा अस्पृश्य नाही, भांडवलदार आहे.

येत्या 20 मार्चला महाडला जरूर जाऊ. पण त्याआधी एक दिवस नवापूरच्या किनाऱ्यावर जाऊ. तिथल्या मावशींच्या पाटीत काय उरलंय ते विचारू. तिथलं पाणी ओंजळीत घेता येतं का ते पाहू. नाही घेता आलं, तर आपला सत्याग्रह अजून पुरा झालेला नाही, एवढं समजून घेऊ आणि कामाला लागू.

जय भीम!