काळा बोडा कुठे टाकायचा?

रायपूर-बिलासपूर रस्त्यावर सिलतऱ्याचा चौक आला की गाडीची काच आपोआप वर जाते. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची काळी पूड दुभाजकावरच्या कण्हेरीवर बसते, टपरीवरच्या समोशांवर बसते, माणसांच्या भुवयांवरही बसते. पावसाळ्याच्या तोंडाला मात्र मी मुद्दाम काच खाली घेतो. चौकाच्या पुढे, ट्रक दुरुस्तीच्या दुकानांच्या ओळीत, एक बाई पानांवर मातकट गोळ्यांचे वाटे लावून बसलेली असते. गोळे सुपारीपेक्षा मोठे, लिंबापेक्षा लहान, मातीत माखलेले. नव्या माणसाला कोवळ्या बटाट्यांचा ढीग वाटावा.

पाळी सुटली की गिऱ्हाइकं येतात आणि मग मौज असते. झारखंडचा फिटर विचारतो, ‘रुगडा कइसे?’ सरगुजाचा पोरगा त्यालाच पुटू म्हणतो. बस्तरकडचा ड्रायव्हर बोडा म्हणतो आणि भाव ऐकून हसतो, कारण जगदलपूरच्या बाजारात हंगामाच्या पहिल्या दिवसांत याच बोड्याचा भाव किलोला हजाराच्या वर गेलेला त्याने पाहिलेला असतो. मी रायपूरचा मराठी. घराण्याच्या दोन-तीन पिढ्या इथे गेल्या, तरी या गोळ्याला माझ्या भाषेत शब्द नाही. अळंबी म्हणावं तर छत्री नाही. विदर्भातल्या सात्या, टेकोडे वेगळे, कोकणातली वारुळावरची अळंबी वेगळी. महाराष्ट्रात सालवृक्षाची जंगलं जवळपास नाहीतच, मग बोडा कुठून येणार आणि शब्द तरी कुठून येणार! मीही बोडाच म्हणतो.

या बोड्याचं शास्त्रीय नाव वर्षानुवर्षं अॅस्ट्रियस हायग्रोमेट्रिकस असं लिहिलं गेलं. आता आपल्याकडचा बोडा म्हणजे आशियातली निराळी जात असं अभ्यासक मानतात. जुन्या नावाचा अर्थ मात्र गोड आहे. ‘अॅस्ट्रियस’मध्ये तारा आहे आणि ‘हायग्रोमेट्रिकस’मध्ये दमट हवा मोजणारा. जमिनीखाली वाढलेला गोळा पिकला की त्याचं जाड साल ताऱ्यासारखं उलगडतं, दमट हवेत पाकळ्या पसरतात, कोरड्यात मिटतात. पण ताटात तारा कुणी पाहत नाही. आपण खातो ते त्याचं बालपण: वरून कुरकुरीत, आत पांढराशुभ्र. आतला भाग काळा पडला, म्हणजे बीजाणू तयार झाले, की चव जाते आणि बोडा फेकायचा असतो. या काळ्या बोड्याकडे मी परत येणार आहे.

गेली काही वर्षं ‘रानअळंबीतून ग्रामविकास’ हा विषय परिषदांमधून बराच फिरतो आहे. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्ष गावात जे पोचतं, ते बहुधा धिंगरी अळंबीच्या बियाण्याची पिशवी आणि एका दिवसाचं प्रशिक्षण. त्याला माझा विरोध नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात अळंबीवर चांगलं काम झालं आहे, आणि पैऱ्यावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, अळंबी पिकवून चार पैसे मिळवणाऱ्या बचतगटाच्या बायका मी पाहिल्या आहेत. पण ती शेती झाली, घरात होणारी. बोडा असा होत नाही. त्याचे तंतू सालाच्या जिवंत मुळांना वेढून राहतात. ते झाडाला पाणी आणि स्फुरद पुरवतात, झाड त्यांना साखर देतं. झाड तोडलं की व्यवहार संपला. वारुळावरच्या अळंबीचंही तसंच, तिथे झाडाच्या जागी वाळवी असते. एकाला झाड लागतं, दुसऱ्याला वाळवी, आणि या दोन्ही गोष्टी पिशवीत भरून वाटता येत नाहीत.

म्हणून रानअळंबीचं व्यवस्थापन म्हटलं की पहिला प्रश्न बियाण्याचा नाही, झाडाचा आणि जमिनीचा आहे. चर्चेत मात्र पहिलं बोट उठतं ते वेचणाऱ्या बाईकडे. ‘अतिवेचणीमुळे अळंबी संपत चालली आहे.’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की ते खरं आहे का, हे तपासावंसं वाटलं. स्वित्झर्लंडमध्ये एका राखीव जंगलात १९७५ ते २००३ अशी २९ वर्षं हाच प्रश्न घेऊन माणसं बसली. काही पट्ट्यांत अळंबी उपटली, काहींत कापली, काहींना हात लावला नाही. वेचल्याने पुढच्या वर्षांचं उत्पन्न घटलं नाही, जातींची संख्याही घटली नाही. घट झाली ती पायदळी तुडवल्या गेलेल्या जमिनीत.

मी हा निष्कर्ष जसाच्या तसा बस्तरात आणणार नाही. तिथली अळंबी जमिनीवर उगवणारी, आपला बोडा जमिनीखालचा. तो काढायला अणकुचीदार काठीने माती उकरावी लागते, आणि भाव चढला की उकरणारे हातही वाढतात. शिवाय आपण त्याला बीजाणू व्हायच्या आतच काढतो. तरीही शिकण्यासारखं आहेच: फळ काढल्याने झाड मरत नाही, मातीची नासाडी केल्याने मरतं. उत्तर थायलंडमध्ये याच कुळातल्या अळंबीसाठी लोक जंगलाचा पालापाचोळा पेटवतात. जमीन साफ झाली की गोळे चटकन दिसतात, शिवाय आगीने ते जास्त येतात असा समज आहे. त्या धुराने दर वर्षी तिथली शहरं गुदमरतात. आपल्याकडे मोहाची फुलं वेचायला झाडाखाली आग लावतात, त्या सवयीतूनही सालाची कोवळी रोपं जळतात. नियम करायचाच तर इथे करावा, आणि तो गावाने करावा.

गोव्यात पाहा. तिथे वारुळाला रोयण म्हणतात आणि वारुळावरच्या अळंबीसाठी श्रावणात माणसं वेडी होतात. गोव्याचे अळंबी-अभ्यासक डॉ. नंदकुमार कामत कित्येक वर्षं सांगत आले आहेत की वारुळं वाचली तर अळंबी वाचेल. रस्त्याकडेला पानांच्या पुड्या घेऊन बसणाऱ्या बायका वाढल्या, हे डोळ्यांना दिसतं. वारुळं सपाट करून उभे राहिलेले बंगले अळंबीच्या हिशेबात कुणी धरत नाही.

आता कायद्याकडे येतो. अळंबीची खरी पंचाईत तिथेच आहे. वनहक्क कायदा, २००६ ग्रामसभेला गौण वनउपजाची मालकी देतो, आणि सामूहिक वनसंसाधनाचं रक्षण, संवर्धन नि व्यवस्थापन करण्याचा हक्कही देतो. गौण वनउपज म्हणजे काय, याची व्याख्या ‘वनस्पतीजन्य’ या शब्दाने सुरू होते. बांबू, वेत, तेंदूपान, कंदमुळं इथपर्यंत ठीक. त्याच यादीत मध, मेण, लाख आणि टसरचे कोषही आहेत. म्हणजे कीटकांनी केलेल्या गोष्टीही कायद्याने वनस्पतीच्या खात्यात उदारपणे घातल्या. अळंबीचं नाव मात्र नाही. शास्त्राने १९६९ मध्येच बुरशीला वनस्पतींपासून वेगळं काढून तिचं स्वतंत्र राज्य मानलं. कायदा मात्र प्राणी आणि वनस्पती या दोन घरांतच जगतो, फार तर सूक्ष्मजीवांचं तिसरं जोडतो. जैवविविधता कायदा, २००२ वाचा: वनस्पती, प्राणी आणि सूक्ष्मजीव. लिंबाएवढा बोडा सूक्ष्मजीव म्हणायचा का?

हा वकिली कीस वाटेल. पण गाव जेव्हा हक्काचं बोलू लागतं तेव्हा हा कीसच कामाला येतो. तेंदूपत्त्याचं नाव कागदावर आहे म्हणून छत्तीसगडात त्याला सरकारी भाव आहे. मानक बोऱ्याला आज ५५०० रुपये. निवडणुका त्या भावावर लढल्या जातात. बोड्याच्या भावावर कुणी निवडणूक लढवलेली मला आठवत नाही. पहाटे जंगलात गेलेल्या बाईकडून नाक्यावरचा कोचिया, म्हणजे फिरता व्यापारी, दोन दिवसांत नासणारा माल म्हणून पडेल त्या भावाने घेतो आणि रायपुरात तो सोन्यासारखा तोलतो.

कागदावर नाव आलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू जंगलाबाहेर नेण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं आणि केंद्राच्या मंत्र्यांना गावात यावं लागलं. बांबू तरी थांबला. बोडा दोन वर्षं थांबत नाही, दोन दिवसही थांबत नाही. सरगुजातल्या घाटबर्रा गावाची गोष्ट याहून कडू. २०१३ मध्ये मिळालेला सामूहिक वनहक्क जानेवारी २०१६ मध्ये रद्द झाला. हक्काचा आधार घेऊन गावकरी कोळसा खाणीचं काम अडवतात, असं कारण आदेशात होतं. ते हसदेव अरण्याचं सालाचं जंगल. म्हणजे पुटूचं जंगल.

इथे सिलतऱ्याचा माणूस म्हणून मला गप्प बसता येत नाही. हसदेवच्या त्या खाणीचा कोळसा राजस्थानच्या वीजनिर्मितीसाठी जातो, आमच्या भट्ट्यांसाठी नाही, हे खरं. पण आमच्या भट्ट्याही कोळसा आणि लोहखनिजच खातात. सिलतऱ्यातल्या एका मोठ्या कारखान्याची स्वतःची लोहखनिजाची खाण कांकेर जिल्ह्यात आरी डोंगरीला आहे. जंगलाच्या पोटातून दोन गोष्टी या रस्त्याने येतात: एक डंपरमधून, एक टोपलीतून. डंपरातली एकदाच येते. पहिल्या पावसाबरोबर परत येण्याची खात्री फक्त टोपलीतल्या मालाची आहे, आणि तीही मागचं झाड उभं असेल तोवरच. विकासाच्या तक्त्यात पहिलीला रोजगार म्हणतात, दुसरीला ‘पूरक उत्पन्न’. हा शब्द मला कधीच आवडला नाही. कुणाच्या दृष्टीने पूरक?

‘तोडलेल्याच्या बदली लावू’ हे उत्तर सालाच्या बाबतीत फार लंगडं आहे. सालाचं बी पावसाच्या तोंडाला गळतं आणि आठवडा-दहा दिवसांतच त्याचा जीव जातो. साठवून ठेवता येत नाही. उगवलेल्या रोपालाही मातीत बुरशीची सोबत लागते. म्हणून भरपाई म्हणून जे लावलं जातं ते बहुधा सागवान, निलगिरी किंवा जे चटकन हिरवं दिसेल ते. सत्तरच्या दशकात तर जागतिक बँकेच्या मदतीने बस्तरमधला साल काढून तिथे पाइन लावायची योजना होती! लोकांनी विरोध केला, योजना गुंडाळली गेली. ती पुरी झाली असती तर आज बोड्याचा भाव विचारायला कुणी उरलं नसतं.

खुद्द सिलतऱ्यातही अळंबी उगवते. भाटा जमिनीवर, म्हणजे मुरमाड माळावर, भिंभोरे आहेत. भिंभोरा म्हणजे आपलं वारूळ. भाद्रपदात त्यांच्याभोवती पांढऱ्या छत्र्या दिसतात, पैऱ्याच्या ढिगावरही फुटू येतात. छत्तीसगडीतला हा ‘फुटू’ शब्द ऐकला की आपलं ‘फुटणं’ आठवतं आणि बरं वाटतं. धरसींवा भागातल्या गावांतले लोक हे फुटू पिढ्यान्‌पिढ्या खात आले. पण बुरशीचा एक गुण इथे उलटतो: कॅडमियम, शिसं, पारा असे जड धातू ती मातीतून ओढून स्वतःत साठवते. युरोपात धातू गाळणाऱ्या कारखान्यांजवळची आणि रहदारीच्या रस्त्याकडेची अळंबी वेचू नये असं सांगतात. माझी मागणी साधी आहे. कारखान्यांच्या परिघातल्या गावांचे फुटू दर पावसाळ्यात तपासावेत आणि निकाल पंचायतीच्या भिंतीवर छत्तीसगडीत लिहावा. खर्च कारखान्यांच्या सामाजिक दायित्वाच्या पैशातून व्हावा. शाळेच्या भिंती रंगवण्यापेक्षा हे काम बरं.

आता काळा बोडा. व्यवस्थापन, व्यवस्थापन म्हणून जे काही करता येईल, त्यातलं सर्वांत स्वस्त काम मला माझ्या स्वयंपाकघरात सापडलं. आमच्याकडे बोडा आला की आधी तीन-चार पाण्यांत माती काढायची, मग एकेक चिरायचा. पांढरा निघाला तर कढईत, काळा निघाला तर कचऱ्याच्या डब्यात. गेल्या वेळी निवडता निवडता लक्षात आलं की आम्ही जंगलाचं बियाणं रायपूर महापालिकेच्या घंटागाडीत टाकतो आहोत. पिकलेला बोडा दाबला की कळतो. वेचणाऱ्या बाईला तर हातात येताच कळतो. तो तिथेच, त्याच झाडाखाली राहिला, तर बीजाणू जिथे हवेत तिथे पडतील. खर्च शून्य. अडचण एकच: कोचिया वजनावर घेतो, आणि काळा बोडाही वजनात भरतो. म्हणजे निवडलेल्या मालाला वेगळा भाव मिळाल्याशिवाय कुठलीही बाई काळा बोडा जंगलात टाकून येणार नाही, आणि का यावं? ग्रामसभेने हंगामाआधी बसून निवडलेल्या मालाचा एक किमान भाव ठरवला आणि त्याखाली विकायचं नाही असं सगळ्यांनी पाळलं, तर हे होण्यासारखं आहे. त्यासाठी परिषद लागत नाही.

परवा चौकात थांबलो. बाईने नेहमीसारखं म्हटलं, ‘ले जा गा भैया, अब्बड मिठाथे.’ पावाला दीडशे. म्हटलं, काळे काढून दे. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. ‘छाँट के देहूँ त भाव अलगे लगही.’

पावामागे पन्नास जास्त ठरले. तिने बोटांनी दाबून दाबून झरझर निवडले, पंधरा-वीस बाजूला निघाले. ते काय करणार, विचारलं, तर तिने ओंजळीत घेऊन मागच्या नालीपलीकडे भिरकावले. कारखान्याच्या भिंतीलगत तिथे हरितपट्टा आहे. निलगिरी, सप्तपर्णी, थोडे गुलमोहर. साल एकही नाही.