छपाईयंत्र घेताना आधी काच पाहावी

अरेरा कॉलोनीत दहा नंबर स्टॉपपर्यंत गेले की झेरॉक्सचे दुकान सापडते. तरीही छापणे, प्रत काढणे आणि स्कॅन करणे ही तिन्ही कामे करणारे एकच यंत्र घरी असावे, असे आता पुष्कळ कुटुंबांना वाटते. मुलांचे प्रकल्प, पेन्शनचे कागद, बँकेचे अर्ज यांना खंड नसतो. विक्रेता प्रथम सांगतो ते मिनिटाला किती पाने निघतात हे. घरात त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. आमचे मत असे, की यंत्राचे झाकण उचलून आधी काच पाहावी.

याला आपल्या घरांपुरते एक कारण आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर येथील कचेऱ्यांमागोमाग कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. त्यांच्या ट्रंकांतून मोडीतील वाटणीपत्रे आली, जन्मपत्रिकांच्या गुंडाळ्या आल्या, नेमणुकीचे हुकूम आणि लग्नातील छायाचित्रे आली. आज तो कागद घडीवर तुटतो आहे. मूळ प्रत एका भावाकडे आणि वारस चार गावी, ही स्थिती तर घरोघरची!

घरगुती यंत्राची काच बहुधा ए-फोर कागदापुरती, म्हणजे सुमारे 297 मिलिमीटर लांब असते. जुनी खरेदीखते पुष्कळदा लीगल मापाची, 356 मिलिमीटर लांबीची. मग खालची सही आणि शिक्का नेमका काचेबाहेर राहतो. लीगल मापाची काच मोठ्या, महागड्या यंत्रांत मिळते. काही मध्यम किमतीच्या यंत्रांत वर कागद आपोआप ओढणारा फीडर असतो व तो लीगल कागद घेतो. ही सोय जरूर घ्यावी. परंतु जीर्ण कागद त्या रुळांत कदापि घालू नये, चिंध्या होतील. तो काचेवरच ठेवून दोन भागांत, मधल्या चार ओळी दोन्हींत येतील असा स्कॅन करावा.

बहुतेक घरगुती यंत्रांत प्रतिमा टिपणारी पट्टी काचेला अगदी लागून सरकते. कागद जरा उचललेला राहिला, की तेवढी अक्षरे अंधूक येतात. म्हणून झाकणाची बिजागरी वर सरकते की नाही हे पाहावे. तशी असली तर जाड वही किंवा अल्बम ठेवूनही झाकण सपाट बसते. लिखाणाला 300 डीपीआय आणि छायाचित्राला 600 पुरते. जाहिरातीतले त्याहून मोठे आकडे विसरावेत. स्कॅन थेट पेनड्राइव्हवर उतरत असेल तर उत्तम.

बाकीच्या सोयी थोडक्यात. दोन्ही बाजूंना आपोआप छापण्याने कागद जवळजवळ निम्मा लागतो. आधारकार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर घेणारे बटण फार उपयोगी पडते. फॅक्ससाठी मात्र जादा पैसे मोजू नयेत. शाईची टाकी असलेले यंत्र आरंभी महाग, पुढे स्वस्त. पण वैशाख-ज्येष्ठात भोपाळच्या कोरड्या हवेत ते बंद ठेवले तर शाईची तोंडे सुकतात. आठवड्यातून एक रंगीत पान काढत राहावे. वाया गेलेली शाई साठवणारा डबा आपल्याला स्वतः बदलता येतो का, हेही विचारावे. लेझर यंत्राला सुकण्याची भीती नाही, परंतु गरम होताना ते एकदम शेकडो वॅट ओढते. घरच्या इन्व्हर्टरवर ते लावू नये.

आणखी एक. डाय शाईवर पाण्याचा थेंब पडला, की अक्षर पसरते. सहीसाठी जाणाऱ्या कागदांना पिगमेंट प्रकारची काळी शाई बरी. काही यंत्रांत काळी पिगमेंटची आणि रंग डायचे, अशी योजना असते.

दुकानात जाताना घरातला घडी पडलेला, लीगल मापाचा, फारसा महत्त्वाचा नसलेला एखादा कागद बरोबर न्यावा आणि पैसे देण्यापूर्वी तेथेच स्कॅन करवून घ्यावा. घडीवरची ओळ वाचता आली, तर पुढचे बोलणे करावे.